भगताला हसण्यापूर्वी

विज्ञान प्रदर्शन म्हटले की अंधश्रद्धेवरची एक नाटिका आता ठरलेलीच असते. मावळातल्या एका शाळेत आम्ही अशीच एक नाटिका पाहिली. आवणीच्या दिवसांत मुलाला साप चावतो, घरचे त्याला भगताकडे नेतात, भगत लिंबू कापून मंत्र पुटपुटतो आणि शेवटी पांढऱ्या कोटातला डॉक्टर येऊन सर्वांना झापतो. मुलांनी कामे झकास केली. भगताला तर टाळ्याच टाळ्या. तरीही नाटिका आम्हांला पटली नाही.

मुख्य आक्षेप विज्ञानाचाच आहे. नाटिकेतल्या भगताच्या हातून कोणीच बरे होत नाही. गावात मात्र पुष्कळ जण बरे होतात! समोर बसलेल्या आईबापांनी ते डोळ्यांनी पाहिलेले असते. मग त्यांनी नाटिकेवर विश्वास का ठेवावा? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण किंवा दिवड चावली, तर मंत्र म्हटला काय नि न म्हटला काय, माणूस वाचतोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे खरे घातक. पण तेही प्रत्येक चाव्यात पुरेसे विष सोडतात असे नाही. हे सगळे यश भगताच्या खात्यावर जमा होते. समजा, दहा चाव्यांपैकी सात बिनविषारी असतील, तर काहीही न करणारा माणूससुद्धा ‘दहातले सात वाचवले’ असे म्हणू शकेल. हे गणित सातवीच्या मुलांना सहज कळते. नाटिकेत त्याला जागा मिळायला हवी होती.

मण्यार तर फार फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दुखणे जवळजवळ नाही, सूज नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास अडखळतो. तोवर ‘विष उतरले’ म्हणून सगळे निश्चिंत झालेले असतात. अशा वेळी प्रतिसर्पविष लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास, एवढाच आधार.

डॉक्टरच्या तोंडचे ‘तुम्ही लोक मागासलेले’ हे वाक्यही खटकले. शाळेची सहल कार्ल्याच्या लेण्यांना जातेच. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. (हे यवन जन्माने ग्रीक होते का, यावर विद्वानांत मतभेद आहेत, त्यांनी मावळात वैद्यक आणले, असे तर मुळीच म्हणू नये.) पण त्या निमित्ताने ग्रीकांविषयी थोडे सांगता येईल. अस्क्लेपिओस या देवाच्या मंदिरात रोगी रात्री झोपत. स्वप्नात देव येऊन बरे करतो अशी श्रद्धा होती. बरे झालेले लोक त्या अवयवाची प्रतिमा वाहत, जसे आपल्याकडे नवसाचे चांदीचे डोळे वाहतात. आणि त्या देवाच्या काठीला वेटोळे घालून बसलेला असतो सापच! याच ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने फेफऱ्यावर ग्रंथ लिहिला. रोगी बरा झाला तर श्रेय आपले, मेला तर देवाची मर्जी, असे म्हणणाऱ्या मांत्रिकांना त्याने चांगलेच फटकारले. तरी त्याच परंपरेतली वैद्यांची शपथ अपोलो आणि अस्क्लेपिओस यांना साक्षी ठेवूनच सुरू होते. आजही ग्रीसमध्ये पाण्यात तेलाचे थेंब सोडून मुलाची नजर काढणाऱ्या आज्या आहेत. आपल्या आज्या मीठ-मोहऱ्या ओवाळतात. त्याच आज्या नातवाला डोस पाजायलाही नेतात.

नाटिकेला हे ठाऊकच नाही. तिच्यात माणूस एकतर भगताचा, नाहीतर डॉक्टरचा. प्रत्यक्षात घरे दोन्हीकडे जातात; प्रश्न आधी कुठे जायचे याचा असतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही नेमके हेच धरतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. घरी दिवा लावणे हा नाही. भगतालाच ‘आधी गाडीत घाला, मंत्र मी वाटेत म्हणतो’ असे म्हणायला लावले असते, तर नाटिका अधिक खरी झाली असती, आणि विनोदीही.

प्रयोगानंतर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “बाई, रात्री आमच्या वाडीवर गाडी कुठनं येणार?” बाईंनी १०८ क्रमांक सांगितला, फळ्यावर लिहिलाही. नाटिकेच्या संहितेत तो कुठेच नव्हता.