मजुमदार, गौरीप्रसन्न
बंगाली चित्रपटगीतकार. जन्म पूर्व बंगालमधील (सध्याचा बांगला देश) पाबना जिल्ह्यात. वडील गिरिजाप्रसन्न हे वनस्पतिशास्त्रज्ञ असून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९५० नंतरच्या तीन दशकांतील बंगाली चित्रपटगीतांत व ध्वनिमुद्रिकांवरील आधुनिक गीतांत गौरीप्रसन्नांचा वाटा मोठा आहे.

रवींद्रनाथ टागोर, द्विजेंद्रलाल रॉय, अतुलप्रसाद सेन व काझी नझरुल इस्लाम यांच्या गीतांत शब्द आणि चाल बहुधा एकाच प्रतिभेतून येत. बोलपटांच्या उदयानंतर कवी, संगीतकार व गायक यांची कामे वेगळी झाली. अजय भट्टाचार्य, प्रणव राय प्रभृतींनी गीतकाराचे स्वतंत्र स्थान निर्माण केले. गौरीप्रसन्नांनी ते लोकप्रियतेच्या शिखरास नेले.

अग्निपरीक्षा (१९५४), हारानो सुर (१९५७) व सप्तपदी (१९६१) या उत्तमकुमार-सुचित्रा सेन यांच्या चित्रपटांतील त्यांची प्रणयगीते विशेष गाजली. अलंकारिक काव्यभाषा टाळून त्यांनी बोलण्यातील बंगाली योजली. सप्तपदीतील मोटारसायकलवरील द्वंद्वगीतात लाडिक संभाषणाचे तुकडे चालीत सहज मिसळतात. नील आकाशेर नीचे (१९५९) या मृणाल सेन यांच्या चित्रपटासाठी लिहिलेले नदीला उद्देशून असलेले गीत हेमंत मुखोपाध्याय (हिंदीतील हेमंतकुमार) यांनी गायिले. त्यात मोजक्या शब्दांनी व दीर्घ स्वरांनी गायकाला भरपूर अवकाश मिळतो. पुढे सिद्धार्थ (१९७२) या इंग्रजी चित्रपटातही ते वापरले गेले.

हाच गुण त्यांची मर्यादाही ठरतो. चंद्र, वाट, वादळ, विरह या ठरावीक प्रतिमा त्यांच्या गीतांत वारंवार येतात आणि चालीवाचून वाचताना अनेक रचना फिक्या वाटतात. मात्र छापील कवितेचा निकष येथे अपुरा पडतो. ओळीची लांबी, उच्चारसुलभता व प्रसंगाशी असलेले नाते यांवरच अशा रचनेचे मोल ठरते. अमानुष (१९७५) हा चित्रपट बंगाली व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. श्यामल मित्र यांच्या एकाच चालीवर गौरीप्रसन्नांनी बंगाली, तर इंदीवर यांनी हिंदी गीत लिहिले. दोन्ही गीते स्वतंत्रपणे लोकप्रिय झाली. स्वरांचे बंधन समान असले, तरी प्रत्येक भाषेत शब्दांचे काम नव्यानेच करावे लागते, हे त्यावरून दिसते.

चित्रपटाबाहेर त्यांची दृष्टी अधिक व्यापक झाली. बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामकाळी (१९७१) शेख मुजीबुर रहमान यांच्यावर त्यांनी लिहिलेले व अंशुमान राय यांनी गायिलेले गीत सीमेच्या दोन्ही बाजूंस दुमदुमले. पाबन्यात जन्मलेल्या कवीच्या लेखणीतून ते उतरावे, यास विशेष अर्थ आहे. सुपर्णकांती घोष यांनी स्वरबद्ध केलेले व मन्ना डे यांनी गायिलेले कॉफी हाउसवरील गीत (१९८३) ही त्यांची बहुधा सर्वांत समर्थ रचना होय. सात मित्रांची विखुरलेली आयुष्ये सांगताना तीत नेहमीच्या प्रतिमांची जागा माणसांची नावे व त्यांच्या जीवनातील तपशील घेतात. त्यांपैकी एक कवी आहे. त्याची एकही कविता कोठे छापली गेली नाही व तो कर्करोगाने जर्जर झाला आहे.

ही व्यथा गीतकारालाही अपरिचित नव्हती. त्याची गीते गायकाच्या वा नटाच्या नावाने ओळखली जातात. गौरीप्रसन्नांचे शब्द लक्षावधी बंगाली भाषकांच्या मुखी आहेत; ते कोणाचे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. १९८६ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले.