पावसाला माफ कसं करायचं?

समजा मी तुम्हाला विचारलं, ‘गेल्या वर्षी पीक बुडवणाऱ्या पावसाला तुम्ही माफ केलंत का?’ तर तुम्ही माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघाल. मराठीत नशिबाला बोल लावता येतो, देवाशी भांडता येतं, पण पावसाला माफ करता येत नाही. माफ करायला समोर माणूस लागतो, आणि त्याची काहीतरी चूक लागते.

हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. मानसशास्त्रात क्षमाशीलता मोजायची एक बरीच वापरली जाणारी प्रश्नावली आहे, ‘हार्टलँड फर्गिव्हनेस स्केल’. लॉरा यामहुरे थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी ती 2005 साली प्रसिद्ध केली. 18 विधानं, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. सहा विधानं स्वतःला क्षमा करण्याविषयी, सहा इतरांना, आणि सहा परिस्थितीला. आजारपण, नैसर्गिक आपत्ती असं कुणाच्याच हातात नसलेलं काही या तिसऱ्या गटात येतं. शेवटी सगळ्यांची बेरीजही करतात.

प्रश्नावली चांगली आहे, हे आधी सांगते. झालेल्या आघाताकडे वेगळ्या नजरेनं बघता येणं आणि मनातली कटुता ओसरणं, अशी साधारण त्यांची क्षमेची व्याख्या आहे. ती मराठी माणसालाही पटेल. माझी तक्रार व्याख्येशी नाही. ती एका शब्दाला बांधून मराठीत आणायची म्हटली की काय होतं, त्याच्याशी आहे.

परिस्थितीच्या विधानांत ‘क्षमा’ घातलं तर वाक्य हास्यास्पद होतं. म्हणून भाषांतरकार बहुधा ‘स्वीकारणे’ घालणार. वाक्य सुधारलं, पण आता आपण स्वीकार मोजतोय. म्हणजे बेरजेत दोन किलो कांदे अधिक एक लिटर दूध असं काहीतरी झालं.

‘इतरांना’ हा गट सोपा वाटतो, पण खरी गोची तिथेच आहे. ‘माफ’ अरबीतून आला, आणि त्यात ‘सूट देणे’ हा अर्थ आहे. फी माफ, सारा माफ, कर्जमाफी. सूट वरचा खालच्याला देतो. म्हणून ‘मी सासूबाईंना माफ केलं’ हे वाक्य व्याकरणात बसतं, घरात बसत नाही. ‘माफ करणारी मी कोण?’ हेच उत्तर येणार. आता त्या बाईनं सातपैकी दोन गुणांवर खूण केली, तर तो मनातला राग की मोठ्यांचा मान? आकडा दोन्हीकडे सारखाच.

‘क्षमा’ची तऱ्हा वेगळी. संस्कृत ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे. सक्षम, क्षमता हे शब्द त्याच घरातले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. या शब्दात ताकद आहे, पण रोजच्या बोलण्यात तो फारसा येत नाही. आला तरी ‘क्षमा असावी’ असा, मागणाऱ्याच्या तोंडी. ‘गय’ तर उलटीच चालते. ‘तो स्वतःचीही गय करत नाही’ ही आपल्याकडे स्तुती आहे! स्वतःला क्षमा करण्याच्या सहा विधानांत ‘गय’ वापरली, तर कमी गुण मिळणारा माणूस अभिमानानं मिळवेल. (‘कीव’ इथे कुणी वापरणार नाही अशी आशा.)

भाषांतर तपासायची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये ती नीट मांडली: एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता पुन्हा इंग्रजी, मग दोन्ही ताडून बघायचं. पण माफ केलं, क्षमा केली, पोटात घातलं, या तिन्हींचं इंग्रजी ‘फर्गिव्ह’च येणार. तपासणी उत्तम गुणांनी पास, फरक गायब.

आणि तो फरक क्षुल्लक नाही. या क्षेत्रात निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा अशी विभागणी करतात. सूड घ्यायचा नाही असं ठरवणं वेगळं, आणि राग खरंच विरणं वेगळं. ‘पोटात घातलं’ हा पहिल्या प्रकाराचा अगदी नेमका मराठी शब्द आहे: बाहेर काढलं नाही, आत ठेवलं. दुसऱ्यासाठी आपण म्हणतो, ‘आता मनात काही नाही.’ नवऱ्याचा मार वर्षानुवर्षं पोटात घातलेली बाई समुपदेशकाकडे आली आणि प्रश्नावलीत हे दोन्ही एकच धरलेले असतील, तर तिचे गुण भरघोस येतील. कागदावर ती बरी आहे.

मग करायचं काय? संख्याशास्त्रातल्या चाचण्या आहेत. दोन भाषांत पट्टी सारखीच वागते का, हे त्या काही अंशी दाखवतात. पण त्या आकडे हातात आल्यानंतरच्या. त्याआधी दहा-पंधरा माणसांसमोर बसून एकेक विधान वाचायचं आणि विचारायचं, ‘हे ऐकून तुमच्या मनात नेमकं कोण आलं, काय आलं?’ याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. वेळ जातो, शोधनिबंधात त्याला जेमतेम दोन ओळी मिळतात, म्हणून तो सर्रास गाळला जातो. तुमच्यापुढे अशी मराठी प्रश्नावली आली, तर भरण्याआधी हे झालं होतं का, एवढं जरूर विचारा.