पोट नसलेली गिटार

गिटारीचं पोटच कापून टाकलं तर उरतं काय? यामाहाने २००१ साली बाजारात आणलेली ‘सायलेंट गिटार’! दांडा, नायलॉनच्या तारा आणि पोटाच्या जागी नुसती वाकवलेली लाकडी चौकट. (सुताराचा पगार थकला असावा.) चौकटीचा वरचा भाग निघतो, वजन दोनेक किलो, तेव्हा प्रवासात बर्थखाली सहज जाते.

रात्री अकरानंतर वाजवून पाहिली. बाहेर फक्त तारांची टिचटिच. हेडफोनमध्ये मात्र अख्खं सभागृह, घुमाऱ्यासकट! पण घुमारा ही मोठी लबाड चीज. कच्चा सूरही तो दुलईत गुंडाळून देतो. तो बंद केला, की नख तारेवर कसं घासलं तेसुद्धा ऐकू येतं. रियाजाला असा चोंबडा मास्तर हवाच.

अडतं ते एकाच ठिकाणी. पोटवाल्या गिटारीचा खर्ज छातीला गुदगुल्या करतो. इथे सूर सगळा कानात, छाती कोरडी ठणठणीत! मग हळू वाजवायचं म्हणजे किती हळू, हे बोटांना उमगत नाही. तेव्हा आठवडाभर हिच्यावर घासावं, रविवारी पोटवाली काढावी.

शेजारच्या आजी परवा विचारत होत्या, “हल्ली तुमच्याकडे रात्री पाल फार चुकचुकते का हो?”