दोन रिकामे सॉकेट

एखादी वस्तू पुस्तकासारखी वाचता येते का, हा प्रश्न मला अटारी एसटीच्या एका कार्ट्रिजमुळे पडला. १९८६ साली डेव्हिड स्मॉल यांनी आणलेलं ‘मॅजिक सॅक’. एसटीच्या कडेच्या खाचेत ते बसवायचं, सोबतचा प्रोग्रॅम सुरू करायचा, की एसटी मॅकिंटॉशसारखा वागू लागे. दोघांचाही प्रोसेसर मोटोरोला ६८०००, त्यामुळे हे सोंग वठवणं शक्य होतं. आणि सोंगाला कारणही होतं. १९८४चा मॅक २४९५ डॉलरचा; पुढच्याच वर्षी आलेला ५२० एसटी मोनोक्रोम मॉनिटरसकट ७९९चा. वर त्याचा पडदा मॅकपेक्षा मोठा.

पण कार्ट्रिज येई ते अर्धवट. आतले सॉकेट रिकामे. अ‍ॅपलच्या ६४ केबी रॉमच्या दोन चिप्स गिऱ्हाइकाने स्वतः मिळवून तिथे बसवायच्या. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो. चोरी तुम्ही करा, हात आमचे स्वच्छ, असाच अर्थ मी लावला.

आता तो अर्थ मला उथळ वाटतो. १९८२ साली अ‍ॅपलने फ्रँकलिन कंपनीवर भरलेल्या खटल्यात बचाव असा होता, की चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे यंत्राचा भाग. तो माणसाने वाचायचा मजकूर नव्हे. अमेरिकी अपील कोर्टाने हे मानलं नाही. कायद्याच्या लेखी चिपमधला प्रोग्रॅमही ‘साहित्यकृती’ ठरला. साहित्यवाल्यांनी याकडे लक्ष द्यायला हवं होतं, असं मला वाटतं.

कारण रॉम जर साहित्यकृती, तर चिप म्हणजे तिची छापील प्रत. प्रत विकत घेता येते, रद्दीवाल्याकडून आणता येते, मित्राला देता येते. मात्र एका वेळी ती एकाच हातात असते. मॅजिक सॅकचे सॉकेट नेमकं हेच सांगतात: नक्कल नको, प्रत आणा. पुढे आलेल्या ‘स्पेक्टर १२८’नेही, १२८ केबीच्या रॉमसाठी, हीच रीत ठेवली. कार्ट्रिजची ही नैतिक बाजू मला खरोखर आवडते.

तिची मर्यादाही तिथेच आहे. चिपमधला मजकूर वाचता येतो, आणि जे वाचता येतं ते उतरवूनही घेता येतं. ६४ केबी फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावतात. मग सॉकेट उरतो तो फक्त सभ्यतेपुरता. स्वतः राबून नवा मजकूर लिहिणं हा दुसरा मार्ग होता. आयबीएम पीसीच्या बायॉसबाबत कॉम्पॅकने तो पत्करला होता. मॅजिक सॅकने तो टाळला आणि प्रश्न गिऱ्हाइकाच्या हवाली केला. माझी खरी तक्रार ही आहे.

तरीही प्रश्न निदान विचारला जात होता. माझ्या लॅपटॉपवर आज जुन्या मॅकचा एम्युलेटर आहे. त्याला लागणारी रॉमची फाइल मी कुठूनतरी उतरवून घेतली. कुठून, ते आठवतही नाही. मराठी कादंबऱ्यांचे पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसले की मी तावातावाने बोलतो. लेखकाचं काय, प्रकाशकाचं काय, असं विचारतो. त्या फाइलबद्दल मात्र मला कधी कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. हा लेख लिहायला बसेपर्यंत.