हळदीविषयक आरोग्यलेखनातील प्रमाणविचार

नित्याच्या आहारातील द्रव्यांच्या आरोग्यदायी गुणांविषयी मराठीत अलीकडे विपुल लेखन होत आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंकांतील लेख, घरगुती उपचारांच्या पुस्तिका या सर्वांत एक वाक्य कोठे ना कोठे आढळतेच : ‘आधुनिक संशोधनानेही आता हे सिद्ध झाले आहे.’ प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य आहे. त्याच्या परीक्षणासाठी हळद हे उदाहरण घेतले आहे. कारण तिच्याइतकी घरोघर परिचित, परंपरेने मान्य केलेली आणि त्याच वेळी प्रयोगशाळांत वारंवार तपासली गेलेली वस्तू क्वचितच सापडेल. हळद गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा वैद्यकाने करावयाचा आहे. परंतु तिच्या गुणांविषयी केलेले विधान त्याच्या पुराव्याला धरून आहे की नाही, हे पाहणे टीकेच्या कक्षेत येते.

प्रथम ‘हळद’ हा शब्दच घेऊ. या लेखनात तो किमान तीन अर्थांनी येतो आणि हे तीन अर्थ एकमेकांपासून वेगळे ठेवले जात नाहीत. पहिली हळद स्वयंपाकघरातली : कंद शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळलेली पूड, जी फोडणीत चिमूटभर पडते. दुसरी हळद वैद्यांची. चरकसंहितेत हरिद्रा ही लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न अशा गणांत येते. वाग्भटाने प्रमेहावर आमलकीसह तिची योजना श्रेष्ठ मानली आहे. ही हळद सुटी नसते. रोगी, प्रकृती, मात्रा आणि सोबतची द्रव्ये यांच्या संदर्भातच तिचा विचार होतो. तिसरी हळद प्रयोगशाळेतली, आणि खरे पाहता ती हळद नव्हेच. ते कर्क्युमिन नावाचे पिवळे द्रव्य होय. १८१५ साली फोगेल व पेल्त्ये यांनी ते हळदीपासून वेगळे केले. त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. बाजारातील हळदपुडीत त्याचे प्रमाण साधारणपणे ३ टक्क्यांच्या आसपास असते. ‘संशोधनाने सिद्ध झाले’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा संशोधन बहुधा तिसरीवर झालेले असते, अधिकार दुसरीचा सांगितला जातो आणि उपदेश पहिलीविषयी केला जातो.

या दोषाला आपल्या तर्कशास्त्रात नाव आहे. अनुमान खरे व्हावयाचे तर हेतू पक्षाच्या ठिकाणी असला पाहिजे; यालाच पक्षधर्मता म्हणतात. ‘शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांनी दिसतो’ या अनुमानात दिसणे हा हेतू शब्दाच्या ठिकाणी मुळीच नाही. म्हणून नैयायिक त्याला स्वरूपासिद्ध म्हणतात. ‘हळदीचे दूध सांधेदुखी बरी करते, कारण कर्क्युमिनने काचपात्रातील पेशींमध्ये दाह कमी केला’ हे विधान त्याच जातीचे आहे. काचपात्रातील पेशीला जे द्रव्य ज्या मात्रेत मिळाले, ते त्या मात्रेत दूध पिणाऱ्याच्या सांध्यापर्यंत पोहोचते, हे आधी दाखवावे लागेल. ते दाखविलेले नसताना केलेले अनुमान असत्यच असते असे नव्हे. परंतु ते असिद्ध असते, आणि असिद्धाला सिद्ध म्हणणे हाच येथील मूळ दोष आहे.

मात्रेचा प्रश्न आकड्यांनी स्पष्ट होतो. अर्ध्या चमच्यात दीड ग्रॅम हळद धरली, तर तीत कर्क्युमिन सुमारे ४५ मिलिग्रॅम. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६५ ग्रॅम हळदपुडीतून मिळेल इतके, कर्क्युमिन दिले होते. तरीही रक्तात ते एक तर सापडले नाही किंवा अत्यल्प सापडले. त्याबरोबर मिरीतील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले असता शोषण २००० टक्क्यांनी वाढले. आज प्रत्येक लेखात उद्धृत होतो तो हा शेवटचा आकडा. त्याच्या आधीचे वाक्य सहसा गाळले जाते. वीसपट वाढ मोठी खरी, परंतु ती कशाच्या वीसपट, हे न सांगितल्यास आकडा वाचकाला माहिती देण्याऐवजी दिपवून टाकतो.

२०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नियतकालिकात अमेरिकेतील काही रसायनशास्त्रज्ञांनी या संपूर्ण साहित्याचा आढावा घेतला. कर्क्युमिन हे अस्थिर द्रव्य आहे. ते स्वतः प्रकाश उत्सर्जित करते, धातूंना बांधून ठेवते, प्रथिनांशी सरसकट संयोग पावते. त्यामुळे अनेक चाचण्यांत औषधी परिणाम नसतानाही परिणामाचा आभास निर्माण होतो, असे त्यांनी दाखविले. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही, प्लासिबोशी तुलना केलेली आणि वैद्य व रोगी या दोघांपासूनही औषध गुप्त ठेवलेली एकही चाचणी त्यांना यशस्वी आढळली नाही. या निष्कर्षावर आक्षेपही आले. काही चाचण्यांकडे दुर्लक्ष झाल्याचे अन्य संशोधकांनी त्याच वर्षी निदर्शनास आणले. उलट बाजूचा पुरावा सांगणे न्यायाचे होईल. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयबुप्रोफेनच्या तुलनेत उणा ठरला नाही. तेथीलच २०२३ च्या एका चाचणीत अपचनाच्या २०६ रुग्णांपैकी काहींना कर्क्युमिन, काहींना ओमेप्राझोल व काहींना दोन्ही देण्यात आली. तिन्ही गटांत लक्षणे कमी झाली. या चाचण्या उपेक्षणीय नाहीत. परंतु दोहोंतही केवळ प्लासिबो घेणारा गट नव्हता, आणि अशा तक्रारी काळाबरोबर आपोआपही कमी होतात. म्हणजे त्यांवरून ‘अधिक शोध घेण्याजोगे’ इतके म्हणता येते. ‘सिद्ध’ म्हणता येत नाही.

दुसरा गोंधळ अधिक लक्षणीय आहे. कारण त्यात आपला अभिमान गुंतलेला आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. प्राचीन ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक निबंध यांसह ३२ संदर्भ सादर झाले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही घटना न्याय्य अभिमानाची आहे. परंतु तिचा तार्किक आशय काय? पेटंटाला नावीन्य लागते. हे ज्ञान नवे नाही, एवढेच तेथे सिद्ध करावयाचे होते आणि एवढेच सिद्ध झाले. हळदीने जखम भरते की नाही, हा प्रश्न तेथे निर्णयासाठी नव्हताच. तरीही ‘अमेरिकेनेही हळदीचे गुण मान्य केले’ असा त्याचा अर्थ आमच्या लेखनात वारंवार दिला जातो. पूर्वज्ञातता आणि परिणामकारकता या दोन भिन्न कल्पना आहेत. परंपरा पहिलीचे प्रमाण आहे. दुसरीच्या बाबतीत ती शोधाची दिशा दाखविते, निर्णय देत नाही.

येथे कोणी म्हणेल : एवढी चिकित्सा कशाला? हळद नैसर्गिक आहे. गुण आला नाही तरी अपाय तर नाही. या आक्षेपातील ‘नैसर्गिक’ हा शब्द विशेषण असून हेतूचे काम करतो, म्हणून तोही तपासला पाहिजे. अन्नातील हळद शतकानुशतके निर्धोकपणे खाल्ली गेली आहे, हे निर्विवाद. परंतु हा निर्वाळा पहिल्या हळदीचा आहे. तो गोळीत कोंबलेल्या अर्काला लावता येत नाही. औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील एका संशोधनजाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित १० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक लक्षण आढळले, आणि काही गोळ्यांत शोषण वाढविणारे पायपरिनही होते. ज्या अल्प शोषणामुळे गुण मर्यादित राहतो, त्यामुळेच कदाचित अपायही मर्यादित राहत असेल, हा विचार गोळीची भलामण करणाऱ्या लेखांत येत नाही.

याहून जवळचा प्रश्न पहिल्या हळदीचाच आहे. कंद अधिक पिवळाधमक दिसावा म्हणून त्यावर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे रंगद्रव्य, चढविण्याची प्रथा बांगलादेशात होती. २०१९ मध्ये तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. लोकांना सावध करणे, व्यापाऱ्यांवर कारवाई आणि बाजारातच तपासणी या उपायांनी २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. दैनंदिन आरोग्याच्या दृष्टीने हळदीविषयी झालेल्या अलीकडच्या संशोधनातील हा कदाचित सर्वांत निश्चित आणि सर्वांत फलदायी भाग होय; तो मात्र घरगुती उपचारांच्या लेखनात क्वचितच दिसतो. ज्या भाषेच्या प्रदेशात सांगली ही हळदीची मोठी पेठ आहे आणि हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत हळद साठविली जात असे, त्या भाषेत गुणांच्या याद्यांपेक्षा शुद्धतेची चर्चा अधिक व्हावयास हवी होती.

यावरून आरोग्यलेखनाकडून एक माफक अपेक्षा करता येईल. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे लिहिणाऱ्याने चार गोष्टी सांगाव्यात : द्रव्य नेमके कोणते, मात्रा किती, प्रयोग कशावर अथवा कोणावर, आणि तुलना कशाशी. या चारांपैकी एकही सांगता येत नसेल, तर ‘आमच्या घरी असे करतात’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे. त्यात कमीपणाही नाही. घसा बसला असता हळदीचे ऊन दूध पुढे करणाऱ्या आजीने कोणत्याही प्रयोगशाळेची साक्ष काढली नव्हती. ती साक्ष आपण तिच्या तोंडी घालतो, आणि तसे करताना तिचे ज्ञान व प्रयोगशाळेचे ज्ञान या दोहोंचेही स्वरूप बिघडवितो. परंपरेचा आदर करावयाचा असेल, तर तिने जे म्हटले नाही ते तिच्यावर लादू नये. आणि विज्ञानाचा आदर करावयाचा असेल, तर त्याने जे दाखविले नाही ते त्याच्या नावावर खपवू नये.