हाताची घडी, तोंडावर बोट: वर्गातल्या हालचालीविषयी

वर्गात दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलांना उभं करावं, दोन-चार मिनिटं हातपाय हलवायला लावावेत, म्हणजे लक्ष टिकतं, हा विचार हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात बराच ऐकू येतो. आमचा त्याला विरोध नाही. लक्ष टिकतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. गुण वाढतात का, याबद्दल मात्र पुरावा तितका एकमुखी नाही.

आमचा आक्षेप 'ब्रेक' या शब्दाला आहे. ब्रेक कशातून? शिकण्यातून. म्हणजे शिकणं बसूनच होतं, हे गृहीतक जागच्या जागी राहिलं. देकार्तने मन आणि शरीर कागदावर वेगळं केलं, आपल्या बाकांनी ते रोज करून दाखवलं. जॉन ड्यूई यांनी 'द स्कूल अँड सोसायटी'मध्ये (१८९९) सांगितलंय की मुलांना काम करता येईल असं फर्निचर शोधत ते शहरभर हिंडले. शेवटी एका दुकानदाराच्याच लक्षात आलं, की बाजारात मिळतं ते सगळं नुसतं ऐकण्यासाठी केलेलं आहे.

आपल्याकडे तर आणखी एक गंमत. वर्गातली हालचाल आपल्याला ठाऊक आहे ती शिक्षा म्हणून. ऊठबशा, कोंबडा, बाकावर उभं राहणं. आणि शहाणं मूल कोण? हाताची घडी, तोंडावर बोट. हा संस्कार दोन मिनिटांच्या उड्यांनी कसा पुसायचा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडला गेल्या. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा. तिथे हालचाल हा ब्रेक नव्हता; दगड मोजणं, पानं ओळखणं चालता-फिरताच व्हायचं. पण तिचंही गोडवं गायला नको. मुलाच्या खांद्यावरचं गुरं राखण्याचं काम तसंच राहिलं, शाळेने त्याच्याशी जुळवून घेतलं.

आता मानखुर्द बघा. लल्लूभाई कंपाउंडच्या पुनर्वसन इमारतींत घर मिळालं ते २२५ चौरस फुटांचं. इथे कुरण कुठून आणायचं? घरी अंग हलवायला जागा नाही, वर्गात परवानगी नाही. मग त्या मुलाने करायचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, प्राथमिक वर्गांत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षकही आहे. त्याची मागणी सोडून फक्त उड्या मारायला सांगणं, ही आम्हाला पळवाट वाटते.

तोवर खडू तर आहे ना? जमिनीवर संख्यारेषा आखा, मुलाला सातावर उभं करा, तीन पावलं मागे यायला सांगा. व्हरांडा पावलांनी मोजू द्या. वजाबाकी चालताना झाली, ब्रेक घ्यावा लागला नाही. खालच्या वर्गाला आवाज जातो, अशी तक्रार येईलच. तेव्हा मुख्याध्यापकांनी बाईंच्या बाजूने उभं राहायला हवं.