भूक आणि सवय : वजन घटविणारी इंजेक्शने व संमोहन यांच्या तुलनेचे परीक्षण

वजन कमी करावयाचे तर इंजेक्शन घ्यावे की संमोहनाचा उपचार करून घ्यावा, हा प्रश्न आमच्या विभागाच्या चर्चासत्रांतून अलीकडे एकाहून अधिक वेळा विचारला गेला. २०२५ साली टिर्झेपटाइड व पाठोपाठ सेमाग्लुटाइड ही औषधे वजन घटविण्यासाठी इंजेक्शनरूपाने भारतीय बाजारात आली; तेव्हापासून हा प्रश्न केवळ परदेशी नियतकालिकांचा राहिलेला नाही. प्रश्न विचारणारा बहुधा एका बाजूस रसायन आणि दुसऱ्या बाजूस मन उभे करतो, आणि आपण मानसशास्त्राचे अभ्यासक असल्यामुळे मनाचा पक्ष घ्यावा अशी त्याची अपेक्षा असते. ती अपेक्षा पुरी करता येत नाही; पण तिचे कारण सामान्यतः सांगितले जाते त्याहून निराळे आहे.

दोन्ही उपचारांविषयी ‘खाण्याच्या सवयी बदलतात’ असे एकाच शब्दांत बोलले जाते. वस्तुतः इंजेक्शन बदलते ती भूक. संमोहन बदलू पाहते ती सवय. या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरल्यामुळे सगळी तुलना सुरुवातीलाच वाकडी होते.

प्रथम इंजेक्शनाचा पुरावा पाहू. जेवणानंतर आतड्यांतून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. शरीरात त्याचे आयुष्य अवघे एक-दोन मिनिटांचे असते. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करते, परंतु आठवडाभर टिकून राहते. मेंदूतील क्षुधाकेंद्रांवर त्याचा परिणाम होतो आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ या चाचणीत १,९६१ प्रौढांचा समावेश होता. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरीने १४.९ टक्क्यांनी, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी घटले. आमच्या दृष्टीने याहूनही बोधक असा एक लहान प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीस स्थूल व्यक्तींना बारा आठवडे औषध दिल्यावर, हवे तेवढे खाण्याची मोकळीक असतानाही, त्यांनी घेतलेली ऊर्जा निष्क्रिय औषधाच्या काळातील ऊर्जेहून २४ टक्क्यांनी कमी भरली. खाण्याची ओढही घटली. ज्याला आपण इतकी वर्षे संकल्पशक्तीचे दौर्बल्य म्हणत आलो, त्याचा बराचसा भाग एका संप्रेरकाच्या नकलेने शांत होतो, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञाने मुकाट्याने पत्करली पाहिजे. स्थूल माणसाला आळशी व खादाड ठरविणारी जी उपदेशपर पुस्तके आपल्या शास्त्राच्या नावाने लिहिली गेली, त्यांचा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा. असो.

आता या चाचणीची २०२२ साली प्रसिद्ध झालेली उत्तरकथा पाहावयास हवी, कारण खरा विषय तेथे आहे. मूळ चाचणीतील ३२७ जणांना औषध थांबविल्यानंतर पुढे वर्षभर पाहण्यात आले. औषधाच्या गटाने ६८ आठवड्यांत १७.३ टक्के वजन गमावले होते. वर्षभरात त्यातील दोन-तृतीयांश भरून आले. या आकड्यांवरून ‘औषध निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणारे चूक करतात. रक्तदाबाचे औषध थांबविले की रक्तदाबही वाढतोच. परंतु औषधाने सवयी बदलतात असे म्हणणाऱ्यांची अडचण मात्र मोठी आहे. या मंडळींनी वर्षाहून अधिक काळ दररोज कमी खाल्ले होते. दर चार आठवड्यांनी त्यांना आहाराविषयी मार्गदर्शन मिळत होते, व्यायामाचा सल्लाही होता. केवळ पुनरावृत्तीने सवय लागत असती, तर ६८ आठवडे ही काही लहान मुदत नव्हे. औषधाबरोबर मार्गदर्शनही थांबले होते हे खरे. म्हणून सगळा दोष औषध थांबण्याला देता येत नाही. तरीही, जी आधार काढताच इतक्या वेगाने मावळते तिला सवय म्हणणे कठीण आहे.

असे का व्हावे? सवय म्हणजे विशिष्ट प्रसंग समोर आला असता दिलेला आणि वारंवार देऊन आपोआप होऊ लागलेला प्रतिसाद. चार वाजता चहा येतो, बशीत बिस्किटे असतात, हात पुढे जातो. हात आवरण्याचा सराव व्हावयाचा तर बशीची ओढ वाटली पाहिजे. औषधाखाली ती ओढच वाटत नाही. मग आवरण्याचा सराव कशावर व्हावा? हे माझे अनुमान आहे, सिद्ध झालेले तत्त्व नव्हे. पण पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलेबी नाकारणे आणि भूक नसल्यामुळे न खाणे यांत जो फरक आहे, तो कोणाही मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे संमोहनवाद्यांना वाटेल की आपली बाजू सिद्ध झाली. त्यांचे म्हणणे हेच की सूचना थेट त्या ओढीच्या क्षणावर काम करते. ‘मोहनिद्रा’ या जुन्या शब्दातील निद्रेने फसू नये. संमोहित माणूस झोपलेला नसतो. निद्रेवरून या क्रियेला नाव देणाऱ्या जेम्स ब्रेडलाच ते पुढे अपुरे वाटले, आणि १८४७ साली त्याने एकाच कल्पनेवर चित्त खिळणे अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचविला. कल्पना म्हणून हे सारे योग्य जागी बोट ठेवते. प्रश्न पुराव्याचा आहे.

तो पुरावा कसा आहे हे १९९५-९६ सालच्या एका वादावरून कळते, आणि संशोधनपद्धती शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाद मुळातून वाचावा. कर्श, माँटगोमेरी व सापिरस्टीन यांनी १९९५ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून असे प्रतिपादन केले की, बोधात्मक-वर्तनोपचाराला संमोहनाची जोड दिल्यास फळ पुष्कळच वाढते. वजन घटविण्याविषयीच्या सहा प्रयोगांची सरासरी परिणाममात्रा त्यांनी १.९६ दाखविली होती. मानसोपचारात असा आकडा दिसला की प्रथम आनंद न होता शंका आली पाहिजे. अ‍ॅलिसन व फेथ यांनी १९९६ साली तेच सहा प्रयोग पुन्हा तपासले. उताऱ्यातील व गणितातील चुका दुरुस्त केल्यावर १.९६ चे ०.२६ झाले. एक संशयास्पद प्रयोग वगळताच ते ०.२१ वर आले आणि त्याला सांख्यिकीय अर्थही उरला नाही. कर्श यांनी त्याच वर्षी नवी आकडेमोड करून उत्तर दिले : संमोहनाविना सरासरी ६ पौंड, संमोहनासह ११.८३ पौंड. हे उत्तर पूर्णपणे मान्य केले तरी लाभ काही पौंडांचाच राहतो. तथापि संमोहनाच्या जाहिरातींत आजही तो पहिलाच निष्कर्ष फिरत असतो; दुरुस्ती फिरत नाही.

नंतरचे प्रयोग अधिक संयत आहेत. निद्राश्वसनरोध असलेल्या ६० रुग्णांवरील १९९८ सालच्या प्रयोगात तीन महिन्यांनी सर्वच गटांचे वजन २ ते ३ टक्के घटले होते. अठरा महिन्यांनंतर केवळ ताण कमी करणाऱ्या संमोहनाच्या गटातच घट टिकून होती, आणि तीही सरासरी ३.८ किलोची. २०२२ सालच्या एका फ्रेंच प्रयोगात, खाताना ज्यांचा संयम चटकन सुटतो अशा ८२ स्थूल व्यक्ती घेतल्या होत्या. आठ महिन्यांनंतर संमोहनाच्या गटात ही संयम सुटण्याची प्रवृत्ती स्पष्टपणे कमी झाली; वजनातील घट मात्र थोडी होती. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने किलोग्रॅमला दुय्यम स्थान देऊन ज्या गोष्टीचा दावा आहे तीच मोजली. अर्थात आपण कोणत्या गटात आहोत हे येथे प्रत्येकाला ठाऊक असते आणि मोजमाप स्वतः भरलेल्या प्रश्नावलीचे असते. म्हणून या यशावर फार भार टाकता येणार नाही.

तेव्हा ‘इंजेक्शन की संमोहन’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. हृदयविकार जडलेला स्थूल रुग्ण विचारीत असेल, तर २०२३ सालच्या ‘सिलेक्ट’ चाचणीत मधुमेह नसलेल्या अशा १७,६०४ रुग्णांत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले, हे त्याला सांगितले पाहिजे. मळमळ, वांती, पित्ताशयातील खडे हे धोकेही सांगितले पाहिजेत. अशा रुग्णाला औषधाऐवजी संमोहन सुचविणे मला समर्थनीय वाटत नाही. पण ज्याला खर्चामुळे वा त्रासामुळे औषध काही महिन्यांत सोडावे लागणार आहे, त्याला सवयीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि आपल्याकडे असे लोक पुष्कळ असणार.

त्यांच्या दृष्टीने डेन्मार्कमधील एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. त्यात १९५ जणांनी आधी कमी उष्मांकाच्या आहाराने वजन घटविले. मग वर्षभर कोणाला लिराग्लुटाइड, कोणाला देखरेखीखाली व्यायाम, कोणाला दोन्ही, तर कोणाला निष्क्रिय औषध देण्यात आले. पहिला अहवाल २०२१ साली आला. सर्व उपचार थांबवून आणखी एक वर्ष गेल्यानंतरचा अहवाल २०२४ साली प्रसिद्ध झाला : केवळ औषध घेतलेल्यांचे वजन अधिक परतले, व्यायामाची जोड असलेल्यांचे कमी. औषध चालू असतानाच जे प्रत्यक्ष कृतीने गिरविले होते, त्यातील काही मागे उरले. संमोहनाची परीक्षा घ्यावयाची तर ती याच जागी घ्यावी : औषधाची मात्रा उतरत असताना, जेव्हा भूक परत येऊ लागते आणि चार वाजताची बशी पुन्हा दिसू लागते. त्यासाठी औषध घेणाऱ्यांचे दोन गट पुरेत; मोजावयाचे ते वजन नव्हे, तर औषध सुटल्यानंतरच्या बारा महिन्यांतील खाण्याची दैनंदिन नोंद. आमच्यासारख्या लहान विभागालाही हे काम झेपण्याजोगे आहे.